बेस ऐकू आला!

एकच माणूस, तीच बोटं, तेच चार सूर. आणि बेस गिटारच्या पोटावरची एक गुंडी फिरवली की सगळा बाजच बदलतो! सुरतच्या कतारगाममध्ये भाच्याच्या खोलीत हे ऐकलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. दिसेल त्याला धरून सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो.

भाचा दिवसभर हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसतो आणि नवरात्र जवळ आली की संध्याकाळी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. "मामा, कानांचं नंतर, आधी हात लावा," म्हणत त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. अॅम्प बंद होता. मी सर्वांत जाड तार छेडली आणि ते लाकूड थेट माझ्या बरगड्यांत घुमलं! सेकंदाला जेमतेम 41 कंपनं. ती कानाआधी हाडांनाच कळतात.

मग त्याने तारांखालचे पिकअप दाखवले. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच स्पीकरपर्यंत जाते. म्हणजे पिकअप जिथे बसवलाय, तिथे तार जशी हलते तेवढंच त्याला ऐकू येतं! मानेच्या बाजूला तार ऐसपैस झुलते, म्हणून तिथला सूर गोल, भरीव. तार जिथे टेकते त्या ब्रिजपाशी तिला हलायला जागाच नाही. तिथे मूळ सूर दबतो, वरचे उपस्वर पुढे येतात आणि आवाज टोकदार होतो. त्याच्या गिटारवर दोन्ही पिकअप आहेत. पुढचा एकटा ठेवून टोनची गुंडी बंद केली, तर खोलीत रेगे! मागचा उघडला, तर प्रत्येक सूर सुटा. "गरब्यात ढोल खालचा सगळा आवाज खाऊन टाकतो, मामा. मागचा उघडला नाही तर मी आहे की नाही, कुणाला कळणार पण नाही."

ही सगळी करामत रूढ झाली ती लिओ फेंडर नावाच्या माणसामुळे. त्याआधी बेस म्हणजे बहुतेक ठिकाणी माणसाहून उंच, उभा धरायचा डबल बेस. बँडच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडायचा. 1951 मध्ये फेंडरने 34 इंची तारांचा प्रिसिजन बेस आणला. मानेवर पडदे असल्याने सूर नेमका लागायचा, म्हणून नावही प्रिसिजन. दोन पिकअपचा जॅझ बेस 1960 चा.

आणि स्पंज! भाच्याने ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला आणि लांबणारा सूर एकदम आखूड झाला. ठुम्म, आणि लगेच शांत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनच्या प्रिसिजनवर सपाट गुंडाळीच्या तारा आणि ब्रिजच्या झाकणाखाली असाच फोम होता. त्या गाण्यांचा ठेका ज्या ठोक्यावर उभा आहे, त्यात या फोमचाही वाटा आहे! उलट अंगठ्याने तार ठोकून वाजवायचा फंक घ्या. त्याला खरखरीत गोल गुंडाळीच्या, चकचकीत वाजणाऱ्या ताराच हव्यात. 1976 च्या स्टिंगरे बेसमध्ये तर बॅटरीवर चालणारं सर्किट आहे, ते वरचे स्वर आणखी उजळवतं.

पण मी खरा हललो तो पडदे नसलेल्या बेसने. बेसवादक जॅको पास्टोरियसचं वादन भाच्याने लावलं आणि मला थेट मिरजेचा तानपुरा आठवला. तानपुऱ्यात ब्रिजच्या किंचित उताराला तार घासते आणि जवारी बोलते. इथे पडदा नसल्याने तार मानेच्या पट्टीलाच हलकी घासते आणि सूर तसाच फुलत, गात जातो. वर मींडही घेता येते! आपल्या कानाला हा बेस परका वाटूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता माझं ऐका. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. आज रात्री मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगले हेडफोन लावा, पंचमदांचं एखादं पाठ असलेलं गाणं निवडा आणि गायकाला सोडून फक्त खालचा सूर धरा. आणि नवरात्रात सुरतेत असाल, तर एखादा गरबा बेसवाल्याच्या स्पीकरपाशी उभं राहून ऐकाच!