मोतीची सकाळची भाकरी



आमच्याकडे कुत्रा आहे म्हटलं की अजूनही काहीजणी विचारतात, "अगं, सोवळ्याचं कसं करता?" मोती स्वयंपाकघरात येत नाही, उंबऱ्यापाशी बसतो. हा नियम सासूबाईंनी घातला आणि त्याने तो आमच्यापेक्षा नीट पाळला. तो माझ्या माहेरच्या शेतावरचा, मुधोळ हाउंड जातीचा. आपल्याकडे त्यांना कारवान म्हणतात. सडपातळ, लांब तोंडाचा, वाऱ्यासारखा पळणारा. २००५ साली पोस्टखात्याने कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच त्याला ज्वारीची भाकरी, दूध, डाळ, पनीर देतो. आमच्याबरोबर त्याचंही संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी.

माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला डॉग शोचं वेड लागलं ते त्याच्यामुळे. त्यात मुलांची वेगळी स्पर्धा असते. तिथे परीक्षक कुत्र्याचं रूप बघत नाहीत, मूल त्याला कसं हाताळतं ते बघतात. कुत्रा डाव्या हाताला ठेवून चालायचं, त्रिकोणात पळवून दाखवायचं, चारही पाय नीट ठेवून उभं करायचं, न घाबरवता दात दाखवायचे. आणि परीक्षक कुठेही सरकले तरी आपण त्यांच्या नि कुत्र्याच्या मध्ये यायचं नाही. आठ महिने रोज सकाळी अंगणात दोघांचा सराव चालायचा. बाकीचे खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवतात. आमच्या लेकीच्या खिशात घरचं पनीर.

पहिल्या शोच्या आदल्या दिवशी एका अनुभवी माणसाने मला सांगितलं, "उद्या त्याला काही घालू नका ताई. भुकेलं कुत्रं हातावरची नजर हलवत नाही." पहाटे लेक आवरत होती. "आई, मोतीला भाकरी दिलीस?" तिने विचारलं. "हो, दिली," मी म्हणाले. भाकरी डब्यातच होती.

दुपारी एकला तिचा नंबर आला. मोती काय उभा राहिला म्हणून सांगू! कान टवकारलेले, नजर तिच्या मुठीवर खिळलेली. तिसरा नंबर मिळाला. लेकीने त्याच्या गळ्यात पडून म्हटलं, "बघितलंस आई, किती ऐकतो माझं!" मी फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले.

घरी आल्यावर सासूबाईंनी डबा उघडला. "सकाळची भाकरी तशीच कशी गं? मोतीनं काय खाल्लं?" मी म्हटलं, "घाईत राहिली." दिवसातलं हे दुसरं खोटं.

रात्री आलोचनेला बसले आणि जीभ अडखळली. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. काही जातींच्या पिल्लांचे कान नि शेपटी नुसत्या दिसण्यासाठी कापतात हे ऐकलं तेव्हा मीच म्हणाले होते, "हा तर छेद! ही कसली माणसं?" आणि पाचवा अतिचार मी स्वतः केला. तोही एका रिबिनीसाठी, लेकीच्या नावाखाली माझ्या मान कषायासाठी. जीवंधरकुमारांनी मरत्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला ही गोष्ट लेकीला मीच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी तिला खरं सांगितलं. ती रडली. "म्हणजे तो माझं ऐकत नव्हता, त्याला भूक लागली होती," एवढंच म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भिंतीवर लावलेली रिबीन तिने स्वतःच काढून खणात ठेवली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, प्रवासाआधी पोट गच्च भरू नये हे खरं, पण दोन-तीन तास आधी थोडं खाणं आणि वरचेवर पाणी द्यायला हवं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शो होता. पहाटे लेकीनेच दुधात अर्धी भाकरी कुस्करली, माझ्यासमोर त्याला खाऊ घातली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. रिंगणात मोतीने पनीर खाल्लं, मग शेजारच्या लॅब्राडोरकडे वळून शेपटी हलवत बसला. लेकीने त्याला ओढलं नाही, गुडघ्यावर बसून हळूच पुन्हा उभं केलं. नंबर आला नाही.

परतताना गाडीत तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. "आई, आज दोनदा माझ्याकडे बघितलं त्यानं," ती म्हणाली, "पोट भरलेलं असताना."

मैत्रिणींनो, मुलांच्या स्पर्धा कुत्र्याच्या असोत की मार्कांच्या, त्यांच्या नि त्यांच्या कामाच्या मध्ये आपण येतो का, एवढं तपासून बघूया. मी आता शोच्या सकाळी डबा उघडून बघते, भाकरी संपली की नाही ते.

जय जिनेंद्र.