मोत्या आणि माझी शिंक

कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. त्या कुत्र्याच्या सहवासानें धर्मराजास शिंका येत होत्या, असें मात्र व्यासांनीं कोठें लिहिलेलें नाहीं. तसें असतें तर त्याची निष्ठा अधिकच थोर ठरली असती!

हा विचार सुचण्याचें कारण आमचा मोत्या. गिरगांवांतील चाळीच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसें राहतों. तीन वर्षांपूर्वीं धाकट्या चिरंजीवांनीं पावसांत कुडकुडणारें एक गांवठी पिलूं वर आणलें. पंधरा दिवसांत तें सर्वांचें लाडकें झालें, आणि महिन्याभरांत माझे डोळे चुरचुरूं लागले, नाक वाहूं लागलें, रात्रीं छातींत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनीं त्वचेची परीक्षा करून निदान सांगितलें : कुत्र्याची ॲलर्जी.

पुष्कळांची समजूत अशी कीं, दोष केसांचा. वस्तुतः तो कुत्र्याच्या लाळेंत आणि त्वचेच्या कोंड्यांत असणाऱ्या प्रथिनांचा आहे. हीं प्रथिनें निरुपद्रवी. परंतु कांहींचें शरीर त्यांस शत्रु समजून हिस्टामीन नांवाचें द्रव्य सोडतें आणि शिंकांची फौज बाहेर पडते. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानें बनविला. आखूड केसांचें कुत्रें आणल्यानेंहि सुटका होत नाहीं. ॲलर्जी मुळींच न देणारी जात नाहीं.

घरांत दोन पक्ष पडले. ‘हे’ म्हणाले, “तुझ्या श्वासापेक्षां कुत्रें मोठें नाहीं.” मुलगा कांहीं न बोलतां ताटावरून उठला. ज्या परळच्या बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालयांत फार पूर्वींपासून मुक्या जिवांची शुश्रूषा होत आली आहे, तेथें नेऊन त्यानेंच मोत्याला टोंचून आणलें होतें.

कोंडी फोडली ती सासूबाईंनीं. “कुत्र्याला आंतल्या खोलींत घ्यायचें नाहीं, अंथरुणाला शिवूं द्यायचें नाहीं, हात लावला कीं हात धुवायचे, हें मी पहिल्या दिवसापासून सांगत होतें. तेव्हां तुम्हांला तें सोंवळें वाटलें!” डॉक्टरांची यादी पाहिली तों अक्षरशः तीच.

आतां मोत्या गॅलरींत आणि बाहेरच्या खोलींत असतो. जमीन ओल्या फडक्यानें पुसली जाते. आठवड्यांतून दोनदां मुलगा त्याला न्हाऊं घालतो, कारण धुतलेला कोंडा चार दिवसांत पुन्हां जमतो. मी औषध नियमानें घेतें. शिवाय एक अट आहे : नळींत फुंकून मोजलेला माझ्या श्वासाचा आंकडा डॉक्टरांनीं सांगितलेल्या मर्यादेखालीं उतरला, तर मोत्याला दुसरें घर पाहावयाचें. तो आंकडा मुलगाच रोज सकाळीं दिनदर्शिकेवर मांडतो. मांडतांना त्याचा हात किंचित थांबतो, हें माझ्या नजरेंतून सुटत नाहीं.

ज्यांना दम्याचा जोर आहे त्यांनीं असा प्रयोग करूं नये. तेथें डॉक्टरांचाच शब्द अखेरचा. इतरांना मात्र सांगावेंसें वाटतें कीं, मायेला नियमांचें कुंपण घातलें म्हणून ती आटत नाहीं. आमच्या घरीं तर त्या कुंपणामुळेंच ती टिकली आहे.