सबब

दिवाळीच्या आधी आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. सौभाग्यवती माळा आवरायला घेते, आणि मी काहीतरी निमित्त काढून त्या धुळीतून पळ काढतो. गेल्या दिवाळीला, २०२५ साली, मात्र ती शिडीवरूनच म्हणाली, "माळा मी आवरते. तुम्ही तुमचा तो संगणक तरी आवरा. नाहीतर रद्दीबरोबर तोही देऊन टाकते!"

तिचा राग अगदीच अनाठायी नव्हता. सकाळी संगणकाचे बटण दाबावे, स्नान उरकावे, चहा घ्यावा आणि मग येऊन पाहावे, तो हे महाशय अजून डोळेच चोळीत असायचे! माझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण सहा वर्षे अडले ते याच्यामुळे, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. प्रकाशकांना तर तसे पत्रच लिहिले होते.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. वर्गात हा सदा खिडकीबाहेर पाहत बसे. आता त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने झाकण काढून पंख्यावरची धूळ ब्रशाने झाडली. "सर, आत हवा खेळली नाही की यंत्र तापते; आणि फार तापले की आपणच आपला वेग कमी करते." मग टास्क मॅनेजर उघडून त्याने मला एक यादी दाखवली. यंत्र सुरू होताच चौदा प्रोग्रॅम न बोलावता पंगतीला येऊन बसत होते! "विषाणूंवर पहारा करणारा तेवढा राहू द्या. बाकीच्यांना हाकलायचे नाही. बोलावल्यावर या, एवढेच सांगायचे."

"आणि मेमरी?" मी ऐकीव ज्ञान पाजळले.

"चार जीबी. सर, मेमरी म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले तुमचे टेबल, आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की यंत्र काही वह्या कपाटात ठेवते, लागल्या की पुन्हा काढते. सारा वेळ त्या ये-जा करण्यात जातो. टेबल आपण आठ जीबीचे करू. पण खरी गोम कपाटात आहे."

जुन्या हार्ड डिस्कमध्ये म्हणे ग्रामोफोनसारखी तबकडी असते. आमची मिनिटाला ७२०० फेरे घेत होती, आणि एक बारीकसा दांडा तिच्यावर इकडून तिकडे धावत हवा तो मजकूर शोधत होता. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसतेच. त्यामुळे ही धावाधावही नाही.

"मात्र बदलण्यापूर्वी तुमचे लिखाण दुसरीकडे उतरवून घेऊ," तो म्हणाला. "तबकडीचा भरवसा नसतो."

त्यासाठी त्याने माझ्या कादंबरीचा फोल्डर उघडला. 'प्रकरण पहिले'. त्याखाली 'प्रकरण पहिले, नवे'. मग 'प्रकरण पहिले, शेवटचे'. मग 'प्रकरण पहिले, अगदी शेवटचे'. मोजून एकोणीस! दुसरे आणि तिसरे एकेकच. चौथ्याच्या नावाची फाईल त्याने उघडली, तर ती कोरी होती. तिच्यावर तारीख २०१९ची.

क्षणभर दोघेही गप्प होतो. याच मुलाची कोरी वही मी एकदा साऱ्या वर्गाला उंच धरून दाखवली होती. मुले हसली होती. मीही हसलो होतो. त्याला ते आठवले की नाही, कोण जाणे. त्याने पडद्यावरची नजर काढली आणि टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधू लागला. तो स्क्रू मला टेबलावरच दिसत होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे मी बटण दाबले. चहासाठी हाक मारायला तोंड उघडतो न उघडतो, तोच यंत्र तयार! चौथ्या प्रकरणाच्या कोऱ्या पानावर ती उभी रेघ लुकलुकू लागली. आतून प्रश्न आला, "काय, आला का वेग?"

"आला," मी म्हणालो, "त्याला."

मग मी आधी प्रकाशकांना पत्र लिहिले: कादंबरी अडली ती संगणकामुळे नव्हे. ते पाठवून चौथ्या प्रकरणाची पहिली ओळ लिहिली. ओळ काही फारशी चांगली नाही. पण ती चौथ्या प्रकरणाची आहे.