ऐब

औंधच्या पेठेत आमच्या अब्बांचे सायकलचे दुकान होते. तासावर भाड्याने सायकल मिळे, पंक्चर निघे, जुनी सायकल विकतही मिळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे वर्गात शिकवताना आम्हाला हटकून अब्बा आठवतात. त्यांच्या दुकानातून कारखाना निघाला नाही. आम्हा दोघा भावांचे शिक्षण मात्र निघाले.

अब्बा २०२३ मध्ये गेले. पुढे जागा मालकाला परत देताना आढ्याच्या हुकाला एक फ्रेम लटकलेली दिसली. चाके नव्हती, चिमटा नव्हता. हिरव्या ऑइलपेंटचे जाड थर तेवढे होते. पाहताक्षणी ओळखली. १९९९ मध्ये भाईजान दुबईहून आले, तेव्हा त्यांच्या साहेबाने दिलेली सायकल घेऊन आले होते. मागच्या बाजूला स्प्रिंगचा शॉक होता. पोरे तिला ‘उंट’ म्हणत. मूळपीठाच्या डोंगरावर संग्रहालयापर्यंत ती ढकलत न्यायची आणि उतारावरून सुसाट खाली यायचे, हा आमचा धंदा.

भाईजान २०२१ मध्ये करोनात गेले. त्यांच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिला हप्ता भरायचा होता. भाबी म्हणाल्या, “भंगारात किलोवर जाईल, टाका विकून.” एका सहकाऱ्याने पुण्यातल्या जुन्या सायकली जमवणाऱ्या गृहस्थांचा नंबर दिला. फोटो पाहून ते म्हणाले, “ओळख पटली तर चाळीस हजार देईन. मी सांगतो तसे तपासा.”

आधी लोहचुंबक लावले. चिकटले नाही. म्हणजे ॲल्युमिनियम. अब्बांनी उभ्या आयुष्यात पोलादी फ्रेमी हाताळलेल्या. गंज चढू नये म्हणून त्यांनी हिला रंग दिला होता. त्यात कंपनीचे स्टिकर गेले. पायडलच्या वाटीखाली थिनरने पुसल्यावर ठोकलेला नंबर दिसला. ब्रेकच्या खुंट्या रिमच्या ब्रेकसाठी होत्या, डिस्कची सोय नव्हती. म्हणजे काळ नव्वदीच्या दशकाचा. पुढच्या चिमट्यात शॉक बसवण्याची चाल रॉकशॉक्सने १९८९ च्या सुमारास रुळवली. त्यानंतर मागच्या चाकासाठी प्रत्येक कंपनी आपापली युक्ती लढवत होती.

खरी खूण बिजागरीची. स्वस्त सायकलींत मागचा सगळा भाग एकाच बिजागरीवर हलतो. होर्स्ट लाइटनर या मूळच्या ऑस्ट्रियन मोटारसायकलस्वाराने खालच्या नळीवर, चाकाच्या आसाच्या जरा पुढे, आणखी एक बिजागरी दिली. त्यामुळे ब्रेक दाबला तरी शॉक जखडत नाही. स्पेशलाइज्ड कंपनीने ही रचना आपल्या ‘एफएसआर’ सायकलींत वापरली आणि १९९८ मध्ये तिचे पेटंट हक्क घेतले. आम्ही पेंट खरवडला. आसापुढे बोटभर अंतरावर ती बिजागरी होती!

आनंदात तीच नळी पुढे खरवडत गेलो आणि लांबीचा एक लपका सुटून पडला. आत बोट जाईल एवढे भोक. मग आठवले. भाईजानना बाजारासाठी कॅरिअर हवे होते. अब्बांनी नेहमीप्रमाणे पितळी वेल्डिंगची ज्योत लावली. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळते, पितळेला त्याहून बरीच जास्त आच लागते. नळी मेणासारखी खाली आली होती. त्या दिवशी अब्बा जेवले नव्हते.

आता खोटे कशाला बोलायचे? आम्ही पेठेतून एमसील आणले. भोक बुजवून वर हिरवा रंग मारला तर फोटोत काही दिसले नसते. रात्री एमसीलच्या दोन्ही वड्या मळून हातात घेतल्या. पण जुनी सायकल विकताना अब्बा आधी तिचा ऐब दाखवत. गिऱ्हाईक फिरले तरी म्हणत, “ऐब बोल के बेचना, नींद अच्छी आती.” शिवाय मनात आले, कोणाचा पोरगा हिच्यावर बसून उतारावर सुटला आणि नळी मोडली तर? वड्या हातातच कडक झाल्या. टाकून दिल्या.

सकाळी भोकाचा फोटो पाठवला. गृहस्थ रविवारी गाडी घेऊन आले. भोकावरून बोट फिरवीत म्हणाले, “आता ही चालवता येणार नाही, भिंतीवर लावीन.” पंधरा हजार दिले.

भाबींनी नोटा मोजल्या. “चाळीस म्हणाले होते ना?”

आम्ही भोकाची हकिकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नोटा पदराला बांधत म्हणाल्या, “अब्बांच्या हातचे होते. झाकून कसे चालेल?”

उरलेले पैसे आम्ही शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून भरले. अजून सात हप्ते राहिले आहेत.