पत्रिकेतलं रिकामं घर



पर्युषणाच्या आधी सिंगापूरहून सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला होता. तिच्या शेजारी एक चिनी आजी राहतात. त्यांनी हिची जन्मतारीख आणि वेळ विचारून त्यांच्या पद्धतीची पत्रिका मांडून दिली होती. तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून ती म्हणाली, "आई, तुम्हाला यात गोडी आहे, म्हणून दाखवते."

तुम्हाला माहीतच आहे, पत्रिका बघायचा छंद मला जुना. बी.कॉम. झाल्यावर लगेच लग्न झालं आणि भिवंडीत आले. यांचा सुताचा व्यवसाय. दुपारी मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट ऐकत वह्या लिहायच्या, आणि त्या संपल्या की दाते पंचांग घेऊन बसायचं. हळूहळू ओळखीच्या बायका पत्रिका घेऊन येऊ लागल्या. पैसे कधी घेतले नाहीत, पण मान मिळायचा, आणि तो आवडायचा हे कबूल करते.

तर तो चिनी कागद. चौकोनाच्या कडेने बारा खाने, मध्ये मोकळी जागा आणि त्यात जन्माचा तपशील. मला हसूच आलं, कारण माझी आजी बेळगावकडची आणि तिच्या माहेरच्या पत्रिका अशाच चौकोनी असायच्या. आपल्याकडे तिरक्या रेघांची कुंडली, दक्षिणेत चौकोनी.

या पद्धतीचं नाव झी वेई दौ शू. झी वेई म्हणजे जांभळा तारा, तो ध्रुवाशी जोडतात. सोंग राजवटीच्या काळातल्या चेन तुआन नावाच्या साधूकडे तिचं श्रेय परंपरेने जातं. आपल्यासारखं आकाशातल्या ग्रहांचं गणित त्यात नाही. चांद्र महिना, तिथी आणि जन्माचा प्रहर यांवरून चौदा मुख्य तारे बारा खान्यांत बसवतात. त्यांचा प्रहर दोन तासांचा आणि आपलं लग्नही साधारण दोन तासांनी बदलतं, म्हणजे जन्मवेळेची कटकट दोन्हीकडे सारखीच.

खान्यांची नावं ती वाचत गेली आणि मी मनात आपल्या बारा स्थानांशी ताळा करत गेले. वह्या लिहायची सवय, दुसरं काय. स्वतः, भावंडं, जोडीदार, संतती, पैसा, आजारपण हे दोन्हीकडे आहे. प्रवासाला त्यांच्याकडे स्वतंत्र खानं आहे. घरजमिनीला वेगळं, आईवडिलांना मिळून एक. आपण आईला चौथ्यात आणि वडिलांना दहाव्यात (कोणी नवव्यात) बघतो. मित्र आणि हाताखालची माणसं यांचंही त्यांच्याकडे एक खानं आहे. मनाच्या समाधानाचं वेगळं खानं मला फार आवडलं. पण आपलं व्ययस्थान त्यांच्याकडे नाही! अकरावं लाभाचं, बारावं खर्चाचं, असं शेजारीशेजारी जमाखर्च मांडणं आपल्यालाच सुचावं.

मग ती म्हणाली, "आई, माझं संततीचं खानं रिकामं आहे. एकही मुख्य तारा नाही."

माझ्या पोटात गोळा आला.

चार वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं मूल गेलं. तेव्हा मी तिची पत्रिका काढून बसले होते. मला नातवंड हवं होतं, आणि ते का नाही याचं कारण कागदावर सापडावं असं वाटत होतं. वृश्चिक लग्न, पंचमात मीन रास, आणि तिथे एकही ग्रह नाही. वर तृतीयातल्या शनीची दृष्टी. मी फोनवर तिला म्हणाले, "अगं, तुझं पंचम स्थान रिकामंच आहे आणि शनी बघतोय तिकडे." ती "हो का" म्हणाली आणि फोन मुलाकडे दिला. त्यानंतर तिने पत्रिकेचा विषय माझ्याकडे कधी काढला नव्हता. आज काढला तो असा.

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "पण आजी म्हणाल्या, रिकाम्या खोलीला वाईट म्हणायचं नसतं. समोरच्या खोलीतले तारे उसने घेऊन वाचायचं. माझ्या समोरची खोली घरजमिनीची आहे."

कॉल संपल्यावर कपाटातून तिची पत्रिका काढली. मैत्रिणींनो, शाळेतल्या मुलीलाही कळेल असं गणित आहे. ग्रह नऊ आणि स्थानं बारा. सगळे ग्रह वेगवेगळ्या घरांत बसले तरी निदान तीन घरं रिकामी राहणारच. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या पत्रिकेत. रिकाम्या घराचा स्वामी कुठे बसलाय आणि त्या घरावर कोणाची दृष्टी आहे हे बघायचं, हा पहिला धडा. तिच्या पंचमाचा स्वामी गुरू. तो समोर लाभस्थानात, कन्येत, आणि त्याची सातवी दृष्टी थेट आपल्याच घरावर. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी शनी तेवढा सांगितला आणि गुरू गिळला. दुःखात माणूस कडू तेच उचलतो की मला कोणाला तरी दोष द्यायचा होता, कोणास ठाऊक. दुसरंच असावं.

या शास्त्रावर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न निराळा आणि त्याचं एक उत्तर पुण्यात निघालेलं आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवून विचारलं, यातलं मूल हुशार कोणतं ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. हा लेख २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. मला तो वाचून राग आला होता, आणि छंद काही सुटला नव्हता. विद्या आणि संतती दोन्ही आपण पंचमातच बघतो, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

आपल्यात ज्योतिष परकं नाही. भद्रबाहूंच्या नावाची संहिता आहे. शनीच्या पीडेसाठी मुनिसुव्रत भगवंतांचं नाव घेतात, आणि शनी अमावास्येला पैठणच्या क्षेत्रावर गर्दी होते. पण मुनींनी निमित्त सांगून आहार मिळवला तर तो आहाराचा दोष आहे, उत्पादन दोषांतला. चौक्यात उभं राहून आहार देणाऱ्या आपण बायका हे दोष पाठ म्हणतो. मी मुनी नाही, पैसे घेतले नाहीत, म्हणून मला तो लागत नाही असं मी धरून चालले होते. मानही एक आहारच आहे, हे डोक्यात आलं नाही.

दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र वाचताना सहाव्या अध्यायाशी थांबले. स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख, शोक, संताप देण्याने असातावेदनीयाचा आस्रव होतो, असं तिथे सांगितलं आहे. दरवर्षी वाचते. तिच्या पत्रिकेत तिचं कर्म शोधताना माझं नवं खातं मीच उघडलं होतं, आणि ते कुठल्या ग्रहाच्या नावे टाकता येणार नाही.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो. यंदा तिला मेसेज केला नाही. सिंगापूर अडीच तास पुढे, म्हणून सकाळी लवकर फोन लावला. म्हणाले, "बाळा, मी चार वर्षांपूर्वी पंचम स्थानाचं जे बोलले, ते अर्धंच सांगितलं होतं. आणि पूर्ण असतं तरी त्या दिवशी बोलायचं नव्हतं. क्षमा कर."

ती बराच वेळ गप्प होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मला आठवतंय, आई," ती म्हणाली. "मी तेव्हा खूप रडले होते. ह्यांना सांगितलं नाही." मग थोडं थांबून, "उत्तम क्षमा." गुरूचं काय ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तिची पत्रिका मी परत पाठवतेय, मूळ कागद तिच्याकडेच असावा. बायका अजून दुपारी येतात. त्या आल्या की चहा करते, आणि जिचं त्या वर्षी काही गेलंय तिची पत्रिका उघडत नाही. परवा एक जण रागावून गेली.