पाली शिकण्यासाठी लंकेला

नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण तिथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा हिशेब कोरलेला आहे. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, तर १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व्हावीत आणि मुद्दल कधी परत मागितले जाऊ नये, अशी अट. ठेवीची भाषा प्राकृत असून ती आज वाचता येते. भगवानलाल इंद्रजी यांचे या लेखांवरील काम १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये छापले गेले.

वस्त्रांचा हिशेब असा दगडावर उरला. ती वस्त्रे नेसणारे भिक्षू काय पाठ करीत होते, हे मात्र दगड सांगत नाही. बुद्धवचन परंपरेने शिकवणारा गुरू विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. पाली ग्रंथ लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन लिपीत छापायला घेतले होते, आणि अध्ययनाची जिवंत परंपरा होती सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात, सयामात. ज्या भूमीत लेणी कोरली गेली, तिथल्या जिज्ञासूला तिचाच इतिहास शिकण्यासाठी परदेशी जाणे भाग होते.

असा एक जिज्ञासू गोव्यातून निघाला. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख हेच त्यांचे काम. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाची हकीकत वाचली आणि तिने त्यांना सोडले नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेल्या मासिकाने एका सारस्वत तरुणाला बौद्ध धर्माकडे वळवावे, ही इतिहासाची एक गंमतच.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक होती. कोसंबींच्या चरित्राचा गौरव करताना हे वाक्य घाईने ओलांडले जाते. बुद्धाच्या गृहत्यागाची उपमा दिली की प्रश्न मिटतो, असे अनेकांना वाटते. तो मिटत नाही. एका माणसाच्या विद्येची किंमत दुसऱ्या माणसाने सात वर्षे मोजली, एवढे तरी नोंदवलेच पाहिजे.

वाट सरळ नव्हती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, मग काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन, नंतर नेपाळ. काठमांडूत बौद्ध धर्माची जी अवस्था दिसली, तिने ते खट्टू झाले. बोधगया, कलकत्ता असे करीत १९०२ मध्ये ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय महाविद्यालयात दाखल झाले. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजे त्या काळचे पाली विद्येचे माहेरघर. कोसंबींनी सुमंगलांकडूनच श्रामणेर दीक्षा घेतली.

तिथला मुक्काम सुमारे वर्षभराचा. आजच्या हिशेबाने दोन सत्रे. आज नाशिकचा एखादा विद्यार्थी प्रागला एका सत्रासाठी चेक भाषा शिकायला गेला, तर व्हिसा, श्रेयांक, वसतिगृह सगळे आधीच ठरलेले असते. कोसंबींजवळ प्रवेशपत्र नव्हते की शिष्यवृत्ती नव्हती. तिथले अन्नही त्यांना मानवले नाही.

शिवाय लिपीचा प्रश्न होता. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत. (ही ब्रह्मदेशाची ब्रह्मी; अशोकाची ब्राह्मी निराळी.) म्हणजे भाषा एक, पण देश बदलला की अक्षरओळख पुन्हा पहिल्यापासून. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले, तेव्हा हेच घडले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लंकेची पाली आणि त्रिरश्मीच्या लेखांतील प्राकृत या एक भाषा नव्हेत. नाते जवळचे आहे, एवढेच. तिसरे लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना दिलेले होते, तर लंकेने जपलेले त्रिपिटक स्थविरवादी परंपरेचे. तेव्हा ‘लेण्यांतील ग्रंथ कोसंबींनी परत आणले’ असे म्हणणे आकर्षक असले तरी चुकीचे ठरेल.

१९०६ मध्ये ते परतले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण त्यांना महाराष्ट्रात काम करायचे होते. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, अट अशी की वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी कलकत्त्यातील अधिक पगार सोडून ते स्वीकारले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक त्या वर्गातून घडले. पालीसाठी समुद्र ओलांडण्याची गरज एका पिढीत संपली. १९१८ मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर बरोबर होते. हा दामोदर म्हणजे पुढचे इतिहासकार दा. ध. कोसंबी.

हार्वर्डमध्ये त्यांचे काम होते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’चे. हेन्री क्लार्क वॉरन यांनी दोन सिंहली आणि दोन ब्रह्मी हस्तलिखितांवरून सुरू केलेली ही संहिता त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिली होती. दोन्ही लिप्या प्रवासात शिकलेला माणूस याहून योग्य कोण असणार? तरीही श्रेय कोणाच्या नावे छापावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. कोसंबींचे निधन ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे झाले होते. त्यांनी स्वतः संपादिलेली ‘विसुद्धिमग्ग’ची दुसरी आवृत्ती मात्र मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच प्रसिद्ध केली होती. ती देवनागरीत आहे.