फाटलेली ओवी

आदिलाबादला घरी लॅपटॉपवर गाणी बनवताना मी सिंथच्या बेसवर डिस्टॉर्शन लावतो. ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, नवे उपस्वर उमटतात. मग तो बेस मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवरही कळतो. तंबोऱ्याची जवारीही उपस्वरच खुलवते की!

मागच्या दिवाळीत आजीची जात्यावरची ओवी मोबाइलवर घेतली. मोबाइल अगदी जात्याला लागूनच ठेवलेला, आवाज पार फाटला. आजी उन्हाळ्यात गेली. नंतर खूप खटपट केली. पण रेकॉर्ड होतानाच छाटलेले शेंडे जसेच्या तसे परत येत नाहीत.

म्हणून मित्रांनो, मोबाइल थोडा लांब ठेवा, मूळ आवाज स्वच्छ घ्या. डिस्टॉर्शन मागाहून लावता येतं, नको तर काढताही येतं. आजीची ओवी मात्र फाटकीच जपून ठेवलीय.